लाकूडकामातले क्लॅम्प: कुठला कुठे लावायचा, दाब कसा बसवायचा

क्लॅम्प, म्हणजे लाकडाचे तुकडे दाबून धरणारं साधन, निवडताना तीन मापं बघायची: तोंड किती उघडतं, जबडा कडेपासून किती आत पोहोचतो आणि दाब किती देतो. बहुतेक जण पहिलंच माप बघतात. मग फळीच्या मध्यावर दाब हवा असतो आणि जबडा दोन इंचांवरच अडतो.

एफ क्लॅम्प सगळ्यात जास्त वापरला जातो. दांड्यावरचा सरकता जबडा कामाला टेकवायचा आणि स्क्रू आवळायचा. आवळताना जबडा किंचित तिरका होऊन दांड्याला चावतो, म्हणून तो जागचा हलत नाही. दांड्यावर तेल, मेण किंवा वाळलेला सरस असेल तर ही पकड सुटते आणि आवळता आवळता जबडा मागे सरकतो. दांडा बारीक पॉलिश पेपरने आडवा घासला की बहुतेक वेळा काम भागतं. तेल द्यायचं ते फक्त स्क्रूच्या आट्यांना, तेही थेंबभर. लाकडावर सांडलेल्या तेलाचा डाग पॉलिशखाली उठून दिसतो.

जी क्लॅम्प (काही जण त्याला सी क्लॅम्प म्हणतात) उघडायला-मिटायला वेळखाऊ, पण त्याचं अंग वाकत नाही. थर एकावर एक चिकटवताना किंवा जिग (काम ठरावीक जागी धरणारा साचा) बाकाला घट्ट धरून ठेवायची असेल तेव्हा तोच घ्यावा. बाकावर लावताना स्क्रूची बाजू खाली ठेवायची. वर ठेवली तर राउटर (खाचा पाडायचं यंत्र) किंवा जिगसॉ (बारीक पात्याची विजेची करवत) नेमका मूठीला अडतो, तोही काप अर्ध्यावर आल्यावर.

एका हाताने दाबायचे क्विक क्लॅम्प दाबाला कमी पडतात. दुसरा हात कामात अडकलेला असताना वस्तू तात्पुरती धरायला ते उत्तम. बऱ्याच क्लॅम्पचा जबडा उलटा लावून चुकलेला सांधा उघडताही येतो. स्प्रिंग क्लॅम्प त्याहून हलका: कडेची पातळ पट्टी किंवा मोजमापाचा अडथळा (सगळे तुकडे एकाच मापाचे यावेत म्हणून लावलेला ठोकळा) धरण्यापुरता. कोपऱ्याचा क्लॅम्प काटकोन धरून ठेवतो, सांध्यावर पुरेसा दाब देत नाही. ४५ अंशांत कापलेल्या फ्रेमसाठी पट्ट्याचा क्लॅम्प बरा, कारण तो चारही कोपरे एकदम आत ओढतो. गोल वस्तू आणि खुर्चीचे पाय यांनाही पट्टाच लागतो. कोपऱ्यांवर पुठ्ठा ठेवा, नाहीतर पट्टा धार दाबून टाकतो.

दोन स्क्रूंचा लाकडी क्लॅम्प आता कमी दिसतो, पण निमुळत्या तुकड्याला त्याच्याइतकी पकड दुसऱ्या कुणाची नाही. आधी मधला स्क्रू आवळून जबडे कामाला समांतर बसवायचे, मग बाहेरचा आवळायचा. उलट केलं तर जबड्यांची फक्त टोकंच टेकतात.

फळ्या जोडून पॅनेल करताना

इथे पाइप क्लॅम्प (पाइपवर जबडे बसवलेले), टी-बार (टी आकाराच्या लांब दांड्याचे) किंवा समांतर जबड्यांचे क्लॅम्प लागतात. किती लागतील हे अंदाजाने ठरवू नका. जबड्यापासून दाब दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत पसरतो. म्हणजे कडेची फळी १०० मिमी रुंद असेल तर पहिल्या सांध्यापर्यंत पोहोचताना दाब डावीउजवीकडे १००-१०० मिमी पसरलेला असतो. म्हणून दोन क्लॅम्पमध्ये २०० मिमी अंतर चालतं. ९०० मिमी लांबीच्या पॅनेलला पाच क्लॅम्प पुरे, पहिला टोकापासून ५० मिमीवर. कडेची फळी अरुंद असेल तर क्लॅम्प वाढवा किंवा जबडा आणि फळी यांच्यामध्ये जाड पट्टी घाला.

आता दाब. मऊ लाकडाला दर चौरस सेंटिमीटरला ७ ते १० किलो, कठीण लाकडाला १२ ते १७ किलो लागतो. वरचं ९०० मिमीचं पॅनेल १८ मिमी जाड असेल तर सांध्याचं क्षेत्रफळ १६२ चौ. सेंमी. १० किलोने धरलं तर एकूण १६२० किलो, म्हणजे प्रत्येक क्लॅम्पवर सव्वातीनशे किलोच्या आसपास. हे बळ चांगला एफ क्लॅम्प देतो, स्प्रिंग क्लॅम्प कधीच देणार नाही.

सरस लावण्याआधी सगळं कोरडं जुळवून क्लॅम्प आवळून बघा. हलक्या दाबाने सांधा मिटला नाही तर रंधा पुन्हा मारा. जोर लावून मिटवलेली फट लाकडात ताण होऊन राहते आणि पुढे टोकाकडून उघडते. पांढरा पीव्हीए सरस पसरल्यापासून जुळवणीला पाच-दहा मिनिटंच मिळतात, तेव्हा क्लॅम्प आधीच उघडून, अंतरावर मांडून ठेवायचे.

क्लॅम्प एक खाली, एक वर असे लावा. सगळे एकाच बाजूला लावले तर पॅनेल त्या बाजूने वाकतं. स्क्रूचा मध्य आणि फळीच्या जाडीचा मध्य एका रेषेत यायला हवा. पाइप क्लॅम्पमध्ये हा मध्य बरेचदा चुकतो, म्हणून जबडा आणि कड यांच्यामध्ये फळीच्या जाडीच्या मध्यावर एक बारीक गोल दांडी ठेवायची. दाब आपोआप मधोमध येतो. फळ्या वरखाली होऊ नयेत म्हणून टोकांना आडव्या पट्ट्यांची जोडी बांधा, पण पट्ट्यांना आधी पॅकिंग टेप लावा, नाहीतर त्या पॅनेललाच चिकटतील.

मधल्या क्लॅम्पपासून बाहेरच्या बाजूला जात थोडं थोडं आवळा. सांध्यावर सरसाचे बारीक थेंब ओळीने आले की थांबायचं. सरस ओघळू लागला तर तो जास्त लागला आहे. अजिबात दिसला नाही तर तो कमी लागला आहे किंवा आवळायला उशीर झाला आहे, आणि असा सांधा कोरडा राहून सुटतो. थेंब ओल्या फडक्याने पुसू नका. पातळ झालेला सरस लाकडाच्या रेषांमध्ये शिरतो आणि पॉलिश करताना डाग दिसतो. वीस-तीस मिनिटांनी ते रबरासारखे झाले की पटाशीने उचलून काढा.

ओक, अक्रोड, बाभूळ अशा टॅनिन असलेल्या लाकडावर ओला सरस आणि लोखंड एकत्र आले की काळा डाग पडतो. क्लॅम्पचा पाइप आणि फळी यांच्यामध्ये मेणकागद ठेवला की हा प्रश्न मिटतो.

तासाभराने क्लॅम्प काढले तरी रंधा दुसऱ्या दिवशीच मारा. सरसातल्या पाण्याने सांध्याजवळचं लाकूड फुगलेलं असतं. तेव्हाच सपाट केलं तर पाणी सुकल्यावर तिथे खाच पडते.

चौकट काटकोनात आणताना

क्लॅम्प आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा. फक्त गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून भागत नाही, एका कोपऱ्यात तो बरोबर दिसतो आणि बाकीचे चुकलेले असतात. एक कर्ण ४ मिमी जास्त असेल तर तो २ मिमीने कमी करायचा. त्यासाठी क्लॅम्प थोडे सैल करून लांब कर्णाच्या दिशेने किंचित तिरके लावा, पुन्हा आवळा आणि पुन्हा मोजा. कर्ण जुळले की चौकट सपाट पृष्ठभागावर ठेवून पीळ आहे का तेही बघा, कारण पिळलेल्या चौकटीचेही कर्ण सारखे भरू शकतात.