दोघांची कमाई, एकच घर: जमाखर्च कसा बसवायचा

घरखर्चाचा हिशेब मांडायला बसलेली बरीच जोडपी सुरुवातच काटकसरीपासून करतात. कुठे कमी करायचं म्हटलं की आधी समोरच्याचा खर्च डोळ्यांत येतो, आवाज चढतो आणि वही कपाटात जाते. माझं ठाम मत आहे की काटकसरीचा विषय सगळ्यात शेवटी काढावा. कोणता पैसा दोघांचा, कोणता एकेकाचा, हे आधी ठरवा. ते स्पष्ट नसेल तर पगार कितीही वाढला तरी कुरबुर चालूच राहते.

१. आधी सगळं कागदावर आणा

दोघांनी आपापल्या खात्यांचे आणि कार्डांचे गेल्या तीन महिन्यांचे तपशील घेऊन बसावं. एकाच महिन्यावरून अंदाज बांधला तर तो फसतो, कारण एखाद्या महिन्यात दुरुस्ती निघते, तर एखादा अगदी शांत जातो. उत्पन्न लिहिताना कर आणि कपाती वजा जाऊन हातात पडणारी रक्कमच धरा. कर्जं, हप्ते, उसनवारी, कार्डावरची थकबाकी, आईवडिलांना पाठवायचे पैसे, यातलं काहीही गाळू नका. या बैठकीत फक्त लिहायचं. ‘हे कशाला घेतलंस?’ हा प्रश्न आज विचारलात, तर पुढच्या वेळी समोरचा माणूस अर्धंच सांगेल.

वर्षातून एकदा येणारे खर्च बहुतेकांच्या हिशेबातून निसटतात. विम्याचा हप्ता, फी, कर, वाहनाची देखभाल, प्रवास. अशा खर्चांची गेल्या वर्षभराची बेरीज करा आणि तिला १२ ने भागा. विम्याला वर्षाला ३६ हजार आणि फीला २४ हजार जात असतील, तर महिन्याला ५ हजार बाजूला पडायलाच हवेत. ते पडले नाहीत की बरोबर त्याच महिन्यात ओढाताण होते आणि अचानक खर्च आला असं वाटतं. खरं तर त्याची तारीख वर्षभर आधीच ठाऊक असते.

२. घराचं काय आणि ज्याचं त्याचं काय

भाडं किंवा गृहकर्ज, किराणा, वीज, मुलांचा खर्च यांवर वाद नसतो. वाद होतो तो मधल्या गोष्टींवर. कामावर जाण्यायेण्याचा खर्च मी घराच्याच बाजूला धरेन, कारण त्यातून येणारा पगार घरातच येतो. लग्नाआधीचं शैक्षणिक कर्ज ज्याचं त्याने फेडावं असं ठरलं तरी, वाटा काढण्याआधी तो हप्ता त्याच्या उत्पन्नातून वजा करा, नाहीतर त्याच्यावर दुहेरी भार येतो. दोन्हीकडच्या आईवडिलांना द्यायची मदत तर उघड, ठरलेल्या रकमेनेच लिहावी. गुपचूप दिलेले पैसे पुढे कळतात तेव्हा रकमेपेक्षा लपवल्याचं दुःख मोठं असतं.

३. वाटा कसा काढायचा

हा भाग घाईत उरकू नका.

समजा एकाच्या हातात ६० हजार पडतात, दुसऱ्याच्या ४० हजार आणि घराचा सामाईक खर्च ५० हजार आहे. निम्मं-निम्मं केलं तर दोघं २५-२५ हजार देतील. पहिल्याकडे ३५ हजार उरतील, दुसऱ्याकडे १५. वरवर समान दिसणाऱ्या या वाटणीत एकाची जवळपास ४२ टक्के कमाई घरात जाते आणि दुसऱ्याची साडेबासष्ट टक्के. कमी कमावणाऱ्याची बचत होत नाही आणि प्रत्येक ठिकाणी ‘मला नाही जमणार’ म्हणायची वेळ त्याच्यावर येते.

त्यापेक्षा उत्पन्नाच्या प्रमाणात वाटा घ्या. दोघांची मिळून कमाई १ लाख, त्यातला एकाचा हिस्सा ६० टक्के, दुसऱ्याचा ४०. म्हणजे ५० हजारांपैकी ३० हजार एकाने द्यायचे, २० हजार दुसऱ्याने. दोघांचीही बरोबर निम्मी कमाई घरात जाते आणि निम्मी उरते.

तिसरा मार्ग आहे तो हाती समान पैसे उरण्याचा. खर्च जाऊन ५० हजार शिल्लक राहतात, ते २५-२५ वाटायचे. त्यासाठी पहिल्याने ३५ हजार घालायचे आणि दुसऱ्याने १५. एकाने मुलांसाठी किंवा आजारी माणसासाठी नोकरी कमी केली असेल, तर मला हाच मार्ग न्याय्य वाटतो. घर सांभाळणाऱ्याची कमाई शून्य असली तरी त्याच्या कामावर घर चालतं आणि दुसऱ्याला पूर्णवेळ कमावता येतं. त्याला हातखर्चासाठी मागावं लागता कामा नये.

व्यवसाय किंवा सुटी कामं करणाऱ्यांचं उत्पन्न महिन्यागणिक बदलतं. अशांनी गेल्या १२ महिन्यांतला सर्वांत कमी कमाईचा महिना धरून वाटा ठरवावा. चांगल्या महिन्यातला जास्तीचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवून कोरड्या महिन्यात वापरावा.

४. खाती लावून घ्या

सोपी रचना म्हणजे तीन खाती: दोघांचं एकेक आणि एक संयुक्त. पगार आपापल्या खात्यात येऊ द्या. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप संयुक्त खात्यात जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. घराची बिलं आणि हप्ते तिथूनच भरा. यामुळे कोणी कोणाला आठवण करून द्यायची गरज उरत नाही.

संयुक्त खातं उघडताना पैसे एकाच्या सहीने निघतील की दोघांच्या, आणि एकाचा मृत्यू झाला तर रक्कम कोणाला व कशी मिळेल, हे विचारून घ्या. संयुक्त कर्जाबाबत तर आणखी सावध राहा. त्यात साधारणपणे प्रत्येक कर्जदार पूर्ण रकमेला जबाबदार धरला जातो. आपसात निम्मं ठरलं असलं तरी कर्ज देणारा ते मानायला बांधील नसतो.

काही जोडप्यांना सगळा पैसा एकाच खात्यात हवा असतो. तेही चालतं, मात्र त्यातून दरमहा दोघांना समान हातखर्च वेगळा निघाला पाहिजे.

५. हातखर्चाचा हिशेब मागू नका

या पैशातून पुस्तकं घ्यावीत, कपडे घ्यावेत की साठवावेत, हे ज्याचं त्याने ठरवावं. घराच्या पैशाला मात्र एक मर्यादा घाला: अमुक रकमेच्या वरची खरेदी एकमेकांना विचारल्याशिवाय नाही. आकडा दोघांना मान्य होईल तो ठेवा.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. पै-पैचा जाब विचारणं, खातं बघू न देणं, पगार काढून घेणं, दुसऱ्याच्या नावावर न सांगता कर्ज काढणं, याला नियोजन म्हणत नाहीत. ते पैशाच्या जोरावर माणसाला बांधून ठेवणं आहे. तसं होत असेल तर विश्वासातल्या माणसाशी किंवा कायद्याच्या जाणकाराशी बोला आणि स्वतःच्या नावावर एक खातं असू द्या.

६. आधी गंगाजळी आणि महागडं कर्ज

घराचा तीन ते सहा महिन्यांचा आवश्यक खर्च लगेच काढता येईल अशा जागी असावा. दोघं एकाच कंपनीत किंवा एकाच क्षेत्रात असाल तर सहाच्याही पुढे जा, कारण मंदी आली तर दोन्ही पगारांवर एकदम येते. त्याच वेळी कार्डाची थकबाकी संपवा. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला लहान वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. इतका परतावा खात्रीने देणारी गुंतवणूक नाही, तेव्हा असलं कर्ज कोणाच्याही नावावर असो, आधी ते फेडा.

काटकसरीचा विषय आता काढा. आणि घराच्या खर्चाला कात्री लावताना दोघांच्या आवडीची एकेक गोष्ट राखून ठेवा.

७. महिन्यातून एकदा बसा

अर्धा तास पुरे. थकलेल्या रात्री किंवा भांडणानंतर मात्र बसू नका. गेल्या महिन्यात ठरलेलं काय, झालं काय, पुढच्या महिन्यात वेगळं काय येणार, एवढंच बोला. नोंदी एकानेच ठेवल्या तरी दर काही महिन्यांनी काम दुसऱ्याकडे द्या. विमा, कर्ज, खाती यांची कागदपत्रं कुठे आहेत आणि वारसनोंद कोणाची आहे, हे दोघांनाही ठाऊक असलं पाहिजे.

पहिले दोन-तीन महिने आकडे जुळणार नाहीत. किराणा कमी धरलेला असेल, काही राहूनच गेलेलं असेल. तेवढ्यावरून वही मिटू नका, आकडा बदला. आणि पगार वाढला, नोकरी गेली, मूल झालं किंवा कोणी राहायला आलं, तर प्रमाण त्याच महिन्यात नव्याने काढा.