गाडीत पाणी कुठून येतंय ते आधी शोधा, सिलिकॉन नंतर

मॅट उचलली, खालचं कार्पेट दाबलं आणि बोटांवर पाणी आलं, की बहुतेक जण थेट गॅरेज गाठतात. तिथला पोरगा पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉनचा पट्टा ओढतो, पैसे घेतो आणि पुढच्या पावसात परत तेच. कारण पाणी काचेतून येतच नव्हतं ना भो. जिथे ओलं दिसतं तिथूनच पाणी शिरलंय असं गाडीत फार क्वचित असतं, ते पत्र्याच्या आतून, वायरिंगच्या कडेने सरकत येतं आणि जिथे खोलगट जागा मिळेल तिथे साचतं.

तर आधी पाणी कसलं आहे ते बघा. पांढरा टिश्यू पेपर दाबून वास घ्या. चिकट लागतंय, गोडसर वास येतोय आणि काचेवर आतून तेलकट वाफ धरतेय तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आहे, म्हणजे डॅशबोर्डच्या आतला हीटर कोर, हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय. ते विषारी असतं आणि कूलंट कमी झालं तर इंजिन गरम होणार, म्हणून यात स्वतः हात घालू नका, मेकॅनिककडेच न्या.

पाणी स्वच्छ आहे, डावीकडच्या सीटच्या पायाशी आहे आणि पाऊस नसतानाही येतंय, तर एसीची ड्रेन नळी तुंबलीय. एसी लावून गाडी पंधरा मिनिटं उभी ठेवा, पावसाळी दमट हवेत खाली थेंब टपकलेच पाहिजेत (मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की तेव्हा कमी टपकतं, त्यावरून काही ठरवू नका). टपकत नसेल तर गाडी रॅम्पवर घेऊन खालून ती रबरी नळी शोधायची आणि मऊ वायरने हळूच मोकळी करायची. भसकन घाण पाणी अंगावर येतं, तोंड बाजूला ठेवा.

आता पावसाचं पाणी. नाशकात गाडी झाडाखाली लावणाऱ्यांनी, म्हणजे गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या गल्ल्यांतल्या लोकांनी, सगळ्यात आधी बोनेट उघडून वायपरखालची प्लास्टिकची जाळी बघायची. उन्हाळ्यात गुलमोहर फुलतो तेव्हा पाकळ्या, कडुनिंबाची पानं, धूळ सगळं त्या जाळीतून आत जातं आणि पहिल्या पावसात त्याचा काळा चिखल होतो. मावशीच्या गाडीची जाळी काढली तर आत ओंजळभर कुजलेला पाला, त्यातून चक्क एक रोपटं उगवलेलं, आणि दोन्ही बाजूची पाणी जायची भोकं पार बुजलेली. मग पाणी वर चढतं आणि ब्लोअरच्या तोंडातून आत येतं. केबिन फिल्टर काढून बघा, तो ओला असेल तर चोर इथेच सापडला. पाला हाताने काढा, पाण्याने ढकलू नका, नाहीतर तो खाली जाऊन अजून घट्ट बसतो.

सनरूफवाल्यांचा एक गैरसमज असतो की वरचं रबर सगळं पाणी अडवतं. तसं नाहीये, थोडं पाणी आत येणारच असं धरूनच खाली पन्हाळ दिलेली असते आणि तिच्या कोपऱ्यांतून नळ्या खांबांमधून खाली जातात. कोपऱ्यात कपभर पाणी ओता आणि गाडीखाली कुठे निघतंय ते बघा. निघत नसेल तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हळूहळू आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, नळी आतल्या आत जोडावरून निसटते आणि मग पूर्ण छताचं कापड उतरवायला लागतं.

दरवाजाचंही तेच. काचेच्या फटीतून पाणी दाराच्या आत रोजच जातं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं साफ ठेवा. आत ट्रिमच्या (दाराच्या आतल्या पॅनेलच्या) मागे एक प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, नवे स्पीकर बसवणारे तो बिनधास्त फाडतात. स्पीकर बसवल्यानंतर पाणी यायला लागलं असेल तर दुसरीकडे शोधूच नका, ट्रिम काढा आणि पडदा ब्युटाइल टेपने परत चिकटवा.

एवढं करूनही सापडलं नाही तर दोन माणसं लागतात. कार्पेट उचलून ठेवा, एक जण टॉर्च घेऊन आत, दुसरा बाहेर पाइप घेऊन. धार बारीक, प्रेशर वॉशर नको. खालून सुरुवात करायची, आधी दाराचा खालचा भाग, मग काच, मग छत, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं थांबायचं. "आलं का रे?" "नाही, अजून वर घे." वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काहीच कळत नाही. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर एकाला डिकीत आडवं व्हायला लावा, मागच्या लाइटचं गॅस्केट नाहीतर डिकीचं बीडिंग, म्हणजे कडेचं रबर, निघतं बहुतेक वेळा. बीडिंगसाठी साधा उपाय, कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा, सहज सरकली तर तिथे रबर चपटं झालंय, नीट दाबत नाही.

फक्त इगतपुरी, त्र्यंबकच्या रस्त्याला साचलेल्या पाण्यातून गेल्यावरच ओलं होत असेल तर वर काही बघू नका, खालच्या पत्र्यातली रबरी बुचं बघा. आणि गोदाघाटावर लावलेली गाडी पुरात सापडली असेल तर हा विषयच नाही, चावी फिरवू नका, टो करा.

पुढची काच खरंच गळत असेल, विशेषतः काच बदलल्यानंतर, तर ती काढून पीयू सीलंटने (काच चिकटवायच्या पॉलियुरेथेनने) परत बसवून घ्या. वरून सिलिकॉन फासलं की पुढे काम करणाऱ्याला ते आधी खरवडत बसावं लागतं.

दुरुस्ती झाली की लगेच कार्पेट टाकू नका. त्याच्या खालचा फोम वरून कोरडा लागतो पण आत भरपूर पाणी धरून ठेवतो, आणि काही गाड्यांत वायरिंगचे कनेक्टर तिथेच असतात. सीट काढायची असेल तर आधी बॅटरी काढून थोडं थांबा, खाली एअरबॅगची वायर असू शकते. फोम पूर्ण बाहेर काढून पंख्याखाली ठेवा, श्रावणात उन्हाच्या भरवशावर राहू नका, आणि आतला पत्रा उघडा आहे तोपर्यंत बाहेरून परत एकदा पाइप मारून आत पाणी येतंय का बघा.