सेंद्रिय कर्ब मोजताना या चुका टाळा

माती, गाळ किंवा पाण्यातील सेंद्रिय कर्बाचा, म्हणजे सजीवांच्या अवशेषांतून आलेल्या कार्बनचा, आकडा अनपेक्षित आला की संशय प्रथम उपकरणावर जातो. प्रत्यक्षात आपण नेमका कोणता कर्ब मोजला, हे न तपासल्यामुळेच बहुतेकदा घोटाळा होतो.

सर्वांत मोठी फसगत चुनखडीयुक्त मातीत होते. नमुना भट्टीत जाळून मिळतो तो एकूण कर्ब, आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात 12 टक्के कर्ब असल्यामुळे, 10 टक्के चुनखडी असलेल्या मातीत 1.2 टक्के असेंद्रिय कर्ब तिच्यातूनच येतो. अनेक मातींमध्ये तो सेंद्रिय कर्बापेक्षाही अधिक भरतो. म्हणून मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकून फसफस होते का, हे आधी पाहावे. फसफस झाली नाही म्हणजे कार्बोनेट नाहीच, असे मात्र समजू नये, कारण डोलोमाइट हे मॅग्नेशियमयुक्त कार्बोनेट थंड आम्लात फार सावकाश विरघळते. कार्बोनेट काढण्यासाठी नमुना आम्लात भिजवून धुतल्यास विरघळणारा सेंद्रिय कर्बही निघून जातो. त्यामुळे नमुना आम्लाच्या वाफेत ठेवणे मला अधिक भरवशाचे वाटते.

1934 मधील वॉकली-ब्लॅक पद्धतीत कार्बोनेटची ही अडचण येत नाही. तिच्यात डायक्रोमेट या ऑक्सिडीकारक रसायनाने सुमारे तीन चतुर्थांश कर्बाचेच ऑक्सिडीकरण होते आणि उरलेला भाग धरण्यासाठी आलेला आकडा साधारण 1.3 ने गुणला जातो. कोळशाचे कण असलेल्या मातीत हा अंदाज कमी पडतो, तर खारवट मातीत क्लोराइडमुळे आकडा फुगतो. त्यामुळे या पद्धतीचा जुना निकाल आणि ज्वलनाचा नवा निकाल शेजारी ठेवून कर्ब वाढला किंवा घटला असे म्हणणे सर्वस्वी चुकीचे आहे.

टक्केवारीलाच साठा, म्हणजे जमिनीतील एकूण कर्ब, समजणे हीदेखील नेहमीची चूक आहे. साठ्यासाठी मातीची स्थूल घनता (पोकळ्यांसह एकक आकारमानातील कोरड्या मातीचे वजन) आणि खोली लागते: 1 टक्का कर्ब, दर घनसेंटिमीटरला 1.3 ग्रॅम घनता आणि 30 सेंटिमीटर खोली असल्यास हेक्टरी 39 टन कर्ब येतो. यात 2 मिलिमीटरहून मोठे दगडगोटे वजा केले नाहीत, तर साठा फुगलेला दिसतो.

पाण्यातील विरघळलेल्या सेंद्रिय कर्बाबाबत गाळणीच दोषी ठरू शकते. सेल्युलोजच्या गाळणीतून कर्ब पाण्यात उतरतो. म्हणून सुमारे 450 अंश सेल्सिअसला भाजलेली काचतंतूंची गाळणी वापरावी आणि प्रत्येक वेळी शुद्ध पाण्याचा कोरा नमुनाही त्याच गाळणीतून तपासावा. गाळलेले पाणी आम्ल घालून थंड जागी ठेवावे, अन्यथा मोजणीपूर्वीच सूक्ष्मजीव त्यातील कर्ब वापरू लागतात.