बुधवारी वाइन चाखायला जमायचंय, त्याआधी

आमच्या बाणेरच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक टॅपहाउस आहे. तिथे मुख्य माल बिअरचा, पण वर्षातून दोन-तीनदा आम्ही आठ जण तिथल्या कोपऱ्यातल्या लांब टेबलावर वाइन चाखायला बसतो. चाखायला म्हणजे पाच वाइन, प्रत्येकीचे तीन-चार घोट आणि भरपूर गप्पा. पहिल्या खेपेला आम्ही नुसतेच जाऊन बसलो आणि निम्मी संध्याकाळ वाया गेली. तेव्हापासून तयारीचं सगळं मी लिहून ठेवते. या वेळी ते नीट मांडून लिहितेय, म्हणजे तुम्हालाही तुमच्या मंडळींसाठी वापरता येईल.

सगळ्यात आधी कालनिर्णय उघडा. श्रावणात निम्मे जण येणार नाहीत, मार्गशीर्षातले गुरुवार कुणाचे तरी असतात, संकष्टी असली की एकीचा उपास चंद्रोदयापर्यंत. गांधी जयंतीला आणि मतदानाच्या वेळी ड्राय डे असतो, हेही तेव्हाच बघून घ्या. आमचं बुधवारवर एकमत झालंय. शनिवारी तिथे गाण्याचा आवाज इतका असतो की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. आणि त्या दिवशी क्रिकेटचा मोठा सामना नाही ना, हे विसरू नका.

तारीख ठरली की चार-पाच दिवस आधी स्वतः जाऊन मॅनेजरशी बोला, फोनवर ही कामं होत नाहीत. बाहेरची बाटली आत चालत नसेल तर त्यांच्याकडे कोणत्या आहेत आणि कोणत्या मागवून देतील ते विचारा. टेबल तंदूरपासून आणि सिगारेटच्या गॅलरीपासून लांबचं मागा. डोक्यावर पिवळा किंवा निळा दिवा नको, रंग कळत नाही. जाताना चार कोरे पांढरे कागद बरोबर न्या. ग्लास तिरपा करून कागदासमोर धरला की शिराझ या भारी लाल वाइनचा कडेचा जांभळा रंग आणि जुन्या वाइनची विटकरी झाक यातला फरक लगेच दिसतो.

हिशेब सोपा आहे. बाटली 750 मिलीची. आठ जणांना 50 मिलीप्रमाणे 400 मिली लागतात, म्हणजे प्रत्येक बाटलीत 350 मिली उरतात आणि शेवटी ज्याला जी आवडली ती त्याला पुन्हा घेता येते. पाच वाइनचे माणशी 250 मिली होतात, म्हणजे बाटलीचा तिसरा हिस्सा. संध्याकाळभर पुरतं. माणशी पाच ग्लास धरले तर चाळीस ग्लास लागतील, ते कुठलंच टॅपहाउस देत नाही. माणशी दोन मागा. पुढची वाइन ओतण्याआधी तिचाच चमचाभर घालून ग्लास फिरवायचा आणि ओतून टाकायचा. पाण्याने विसळलं तर तळाशी पाणी राहतं. आणि प्रत्येक रिकामा ग्लास आधी नाकाला लावून बघाच. ओल्या फडक्याने पुसून उपडा ठेवलेल्या ग्लासाला कुबट वास येतो आणि मग बिचाऱ्या वाइनला नावं ठेवली जातात.

थंडाव्याकडे मात्र सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण आपल्या हवेत तिथेच घोळ होतो. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं म्हणतात, पण ती खोली युरोपातल्या गार घरांची. पुण्यात एप्रिलमध्ये संध्याकाळी सातलाही तीस अंश असतात. त्या उकाड्यात बारच्या फळीवर उभी असलेली शिराझ नाकाला फक्त अल्कोहोल देते. लाल वाइन दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवायला सांगा, सोळा-सतरा अंशांवर आली की फळ बोलायला लागतं. पांढरीचं उलटं. बिअरच्या फ्रिजमधून काढलेली इतकी गार असते की वासच दबलेला असतो. ती पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा, आठ ते दहा अंशांवर छान लागते.

वाइन निवडताना मी शक्यतो आपल्या मातीतल्याच घेते. नाशिकला सुला ही वाइन कंपनी सुरू झाली 1999 मध्ये. आज दिंडोरी, निफाडपासून सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजपर्यंत वाइनच्या बागा आहेत. युरोपात द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरवतात, आपल्याकडे साधारण जानेवारी ते मार्च. म्हणून बाटलीवरचं साल बघताना हे ध्यानात ठेवा, पांढरी जितकी ताजी तितकी बरी. आमच्या बुधवारचा क्रम असा: आधी एक फेसाळती, मग दोन पांढऱ्या, सोविन्याँ ब्लाँ आणि जराशी गोडसर शेनँ ब्लाँ, त्यानंतर दोन लाल, अकलूजच्या फ्रातेल्ली कंपनीची सांजोवेझे आणि शेवटी नाशिकची शिराझ. हलकीकडून भारीकडे जायचं. शिराझने जीभ एकदा तुरट झाली की सोविन्याँ पाण्यासारखी लागते. लेट हार्व्हेस्टसारखी (उशिरा उतरवलेल्या द्राक्षांची) गोड वाइन घेणार असाल तर ती सगळ्यांत शेवटी.

आता नाकाचं. मागच्या उन्हाळ्यात आमची एक मैत्रीण ऑफिसातून येताना मोगऱ्याचा गजरा माळून आली. ताजा, दाट, दोन पदरी. पहिल्या ग्लासापासून सगळे म्हणायला लागले, याला फुलांचा वास आहे. दुसरीलाही फुलांचा. तिसरी लाल होती, तिलाही. तेव्हा तिच्याच लक्षात आलं. तिने गजरा काढला, ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळला आणि वेटरदादांना काउंटरमागे ठेवायला दिला. पाच मिनिटांनी त्याच ग्लासातून आम्हाला मिरी मिळाली. त्यामुळे निरोप देताना स्पष्ट सांगा: अत्तर, परफ्यूम, गजरा, वासाचं हँडक्रीम त्या दिवशी नको. येताना पान, बडीशेप किंवा वेलची चघळू नका, चहा-कॉफी तासभर आधी संपवा. सर्दी झालेल्याने जरूर यावं, पण ग्लासांची फेरी पुढच्या वेळी.

ती मिरी काही भास नव्हती. काळ्या मिरीला तिचा वास देणारं रोटंडोन नावाचं द्रव्य शिराझच्या द्राक्षातही असतं. सोविन्याँमध्ये ढोबळी मिरची येते, तीही खरीच, कारण पायराझिन वर्गातलं एकच द्रव्य दोन्हींत आहे. म्हणूनच मी बरोबर अर्ध्या आकाराचे कागद आणि पेन्सिली नेते. शाईच्या पेनाला वास येतो, म्हणून पेन्सिलच. बाटलीमागची माहिती आधी वाचायची नाही हा एकच नियम. मागे लिहिलेलं असतं गूसबेरी, आणि टेबलावर कुणीच गूसबेरी कधी खाल्लेली नसते. मग सगळे माना डोलावतात आणि गप्प बसतात. तेच कागद कोरा दिला की लिहिलं जातं: कच्चा पेरू, कैरीची साल, गवती चहा, करवंद, भिजवलेली चिंच, आजीच्या कपाटातली डांबराची गोळी. माझ्या दिरांनी सांजोवेझेला ‘आमसुलाचं सार, गूळ न घातलेलं’ असं लिहिलं होतं आणि आठही जणांना ते तात्काळ पटलं. ही संध्याकाळ मला यासाठीच हवी असते.

घोट घेताना भुरका मारायचा, हे नव्या माणसाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो संकोचतो. बशीतला गरम चहा ओढतो तसं थोडी हवा आत घेत ओढायचं, मग वास घशामागून नाकात चढतो. ज्याला गिळायचं नाही त्याला थुंकायला टेबलावर दोन स्टीलचे मग मागून ठेवा.

खाण्याची ऑर्डर आधी द्या आणि तिखट शेवटी ठेवा. चिली पनीर आधी आलं की सगळं संपलं, कारण तिखट आणि अल्कोहोल जिभेची एकच आग पेटवतात आणि लाल वाइनची तुरटी कडू लागते. वाइनच्या मधे खायला साधा लादी पाव सगळ्यात उत्तम. मी बेकरीतून दोन लाद्या नेते, त्याला कुणी हरकत घेतलेली नाही. बरोबर खारवलेले नसलेले बदाम, चीजचे तुकडे. फेसाळतीबरोबर बटाटेवडा सुंदर जातो, तेलकटपणा धुऊन निघतो. तिखटाचा हट्टच असेल तर ते गोडसर शेनँबरोबर. माणशी लिटरभर पाणी टेबलावर आधीच हवं.

आमच्यातले एक काका पीत नाहीत. त्यांच्यासाठी कोकम सरबत सांगून ठेवलेलं असतं, आणि वास ओळखण्यात त्यांचं नाक सगळ्यांत तीक्ष्ण आहे. त्यांच्यासमोरही प्रत्येक वाइनचा ग्लास ठेवायचा. गाडी कुणी आणायची नाही. कायद्याने 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमच्या पुढे अल्कोहोल चालत नाही आणि तेवढं व्हायला फार वाइन लागत नाही. लांबच्यांची रिक्षा किंवा कॅब साडेदहाला, हे निघतानाच ठरवून टाका. पैसे आदल्या दिवशीच एकीकडे जमा करा, शेवटी बिलावर माना वाकवून बसायला नको.

आणि पिशवीत मागच्या वेळच्या चिठ्ठ्यांचं पाकीट टाका. तीच शिराझ पुन्हा उघडणार आहोत. सगळ्यांचं लिहून झालं की जुने कागद बाहेर काढायचे आणि कुणी तेव्हा काय लिहिलं होतं ते मोठ्याने वाचायचं.