साइटवरची भूमिती : नव्या सुपरवायझरसाठी

सिव्हिलचा डिप्लोमा करून घोडबंदर रोडला किंवा खारघरला ज्युनिअर सुपरवायझर म्हणून लागणाऱ्या पोरांना मी आधी शाळेची भूमिती पुन्हा काढायला सांगतो. संगणकावर नकाशे काढायचं ऑटोकॅड सगळ्यांना येतं. खोली काटकोनात आहे का हे नुसत्या टेपने सांगणारे कमी.

3-4-5 पाठ असतंच: कोपऱ्यापासून एका भिंतीवर 3, दुसरीवर 4 मोजलं आणि तिरकं अंतर 5 आलं की कोपरा काटकोनात. मोठ्या खोलीत मात्र 6-8-10 फूट घ्या, त्रिकोण मोठा तितकी चूक कमी. छोट्या गुण्यावर (काटकोन तपासायच्या हत्यारावर) विसंबू नका. 300 मिलीमीटरच्या भुजेवर दिसलेली 1 मिलीमीटरची फट 6 मीटर भिंतीच्या टोकाला 20 मिलीमीटर होते आणि टाइलच्या शेवटच्या ओळीत पाचरीसारखी उघडी पडते. मग दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले तरी समोरासमोरच्या भिंतीही मोजा, कारण समद्विभुज समलंब चौकोनाचेही कर्ण सारखेच असतात.

कॉलमला जास्त वेळ द्या. एकाच बाजूने ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन) सोडून ‘उभा आहे साहेब’ म्हणणारे पुष्कळ भेटतील. पण रेषा प्रतलाला लंब आहे असं म्हणायचं, तर त्या प्रतलातल्या एकमेकींना छेदणाऱ्या दोन रेषांना ती लंब हवी. एका दिशेत सरळ असलेला कॉलम दुसऱ्या दिशेत खुशाल झुकलेला असू शकतो. म्हणून शटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) लगतच्या दोन बाजूंवर ओळंबा सोडा आणि दोरीपासूनचं अंतर वर-खाली सारखं आहे का बघा. समोरासमोरच्या बाजू घेतल्यात तर तीच दिशा दोनदा तपासाल. हे सगळं काँक्रीट पडण्याआधी, नंतर फक्त तोडफोड उरते.

फरशीचं प्रकरण वेगळं. एका रेषेत नसलेले तीन बिंदू एका प्रतलात बसतातच. ऑटो लेव्हलचा (पातळी बघायच्या दुर्बिणीचा) स्टँड तीन पायांचा असतो तो म्हणूनच. त्यामुळे खोलीचे तीन कोपरे जुळले यात काही विशेष नाही, कस लागतो चौथ्याचा. तो वर-खाली असेल तर फरशीला पीळ पडतो, आणि गंमत म्हणजे भिंतींना समांतर ठेवलेल्या पट्टीखाली तो दिसतही नाही. पट्टी कर्णाच्या दिशेने ठेवा.

बाथरूममध्ये मात्र सपाटी नको, ढाळ हवा. 100 ला 1 धरला तर दीड मीटरवर 15 मिलीमीटर. टाइल लागल्या की मगभर पाणी ओता, आणि ते जाळीकडे जातंय हे बघूनच मिस्त्रीला सोडा.