बॉम्बशोधक श्वान तयार करताना या चुका टाळा

1 मे 2019 रोजी गडचिरोलीत जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलिस आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. अशा जिल्ह्यातल्या रस्त्यांवर अर्धकच्च्या तयारीचा श्वान नेणं म्हणजे मागून येणाऱ्या जवानांच्या जिवाशी खेळ. नव्याने श्वानपथकात येणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

निवडताना रुबाबावर जाऊ नका. अंगावर धावून जाणारा राखणीला ठीक; शोधकामाला चेंडूवेडा लागतो. गुडघाभर गवतात चेंडू फेका. दिसेनासा झाल्यावरही जो नाक खाली घालून शोधत राहतो, तो घ्या. मोठ्या आवाजाला दचकला तरी चालेल, पण लगेच सावरला पाहिजे. लॅब्रेडॉर असो की बेल्जियन मॅलिनॉइस, कसोटी हीच.

सगळ्यात घातक चूक मातीची. मोरमाच्या रस्त्यावर सकाळी स्फोटकाचा नमुना पुरायचा आणि तासाभरात श्वान सोडायचा. तो झटकन बसतो, म्हणजे ‘सापडलं’ असा इशारा देतो, सगळे खूश! पण त्याने स्फोटक ओळखलं की ताजी उकरलेली माती? बऱ्याच दिवसांपूर्वी पुरलेल्या सुरुंगावर ताज्या मातीचा वास राहत नाही. म्हणून नमुना आधीच पुरून जागा मुरू द्या. शेजारी रिकामे खड्डे खणून बुजवा. एकात नुसता डबा, एकात हातमोजे पुरा. तिथे बसला तर रागावू नका, बक्षीसही देऊ नका, पुढे चला. मात्र पंजाने उकरण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडा. इशारा बसूनच.

नमुना कुठे आहे, हे हँडलरला, म्हणजे श्वान हाताळणाऱ्याला, माहीत नसावं. त्याचं पाऊल नकळत मंदावतं, आणि श्वान तेवढ्यावर बसतो. काही फेऱ्यांत काहीच पुरू नका.

वेगवेगळे नमुने एकाच पेटीत ठेवले की वास मिसळतात. प्रत्येकाला वेगळी हवाबंद बरणी, वेगळे हातमोजे.

सराव नुसता मैदानावर नको. पांदणीवर शेण, बांध्यांतलं खत, मोहफुलांचा वास, सगळं असतं, त्यातच शिकवा.

मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो. धापा टाकणारा श्वान तोंडाने श्वास घेतो, मग हुंगणं मागे पडतं. उजाडतानाच काम उरका, पाणी द्या. धाप लागलेली असताना तपासलेला रस्ता ‘साफ’ धरू नका. विसावा देऊन पुन्हा तपासा.

गस्तीवर रोज काहीच सापडलं नाही, तर श्वानाचा उत्साह मावळतो. परतल्यावर सुरक्षित जागी ठाऊक नमुना ठेवा, त्याला शोधू द्या आणि लगेच चेंडू द्या.