दिवाळीच्या सुट्टीतील उजळणी: दहावीच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

लातूर जिल्ह्यात अनेक वर्षे विज्ञान शिकवताना एकच चूक मी दर दिवाळीनंतर पाहतो, ती म्हणजे वाचनालाच उजळणी समजणे. एका विद्यार्थ्याने सुट्टीत ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा चार वेळा वाचला होता आणि प्रत्येक ओळ रंगीत पेनने अधोरेखित केली होती. शाळा उघडताच मी त्याचे पुस्तक मिटवून त्याला फळ्यावर एक उदाहरण दिले: बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर 10 सेंमी, वस्तू 15 सेंमीवर, तर प्रतिमा कोठे मिळेल? सूत्र त्याला अचूक आठवले, परंतु वस्तूचे अंतर ऋण घ्यायचे असते हे तो विसरला आणि 30 सेंमीऐवजी उत्तर 6 सेंमी आले. धडा डोळ्यांना ओळखीचा झाला होता, पण हातून एकदाही उतरला नव्हता, आणि त्याचा हिरमुसलेला चेहरा पाहून मला फार वाईट वाटले. तेव्हापासून मी धडा एकदाच वाचायला लावतो. त्यानंतर पुस्तक मिटवून आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचे आणि जे सुटले तेवढेच पुन्हा पाहायचे. रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 मधील प्रयोगांतही, पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर अधिक लक्षात राहिले होते.

‘भाऊबीज झाली की बसतो’ ही दुसरी चूक. आपल्याकडे सुट्टीत कापसाची वेचणी असते, मामाच्या गावी जायचे असते आणि मुलांना घरच्या कामात हात लावावाच लागतो, हे मला मान्य आहे. मात्र दव वाळेपर्यंत वेचणी सुरू होत नाही; पहाटेपासूनचा तो दीड तास अभ्यासाचा ठेवावा. दिवसाला दहा तासांचे वेळापत्रक भिंतीवर चिकटवणारी उतावीळ मुले तिसऱ्या दिवशी ते सोडून देतात.

एकदा संपवलेला धडा तिसऱ्या आणि आठव्या दिवशी पुन्हा लिहून पाहावा.

गाईडमधील तयार उत्तरे पाठ करणे मला मुळीच पसंत नाही, कारण भाषेच्या कृतिपत्रिकेत स्वतःचे मत लिहावे लागते.

भूमितीच्या रचना कंपास हातात घेतल्याशिवाय येत नाहीत.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात गणित भाग 1 ची 40 गुणांची एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून दोन तासांत सोडवावी आणि मध्ये पुस्तक उघडू नये.